‘न’च्या घरातून ‘देवा’पर्यंत

माझ्या सासऱ्यांचे दात गेले तेव्हा घरात कुणालाच फार वाईट वाटलं नाही. दात गेले, कवळी आली, त्यात रडायचं काय? घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंनी ती इतकी सुरेख बसवून दिली होती की घरी आल्या आल्या बाबा आरशासमोर उभे राहून स्वतःलाच हसून दाखवत होते. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "लग्नात असे दिसला असतात तर मी फोटोत हसलंय नसतंय काय?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. एक लांबलचक शिट्टी आली, तिच्यामागून थोडे तुषार आले आणि त्या तुषारांमधून काहीतरी "श्शू श्शर..." असं ऐकू आलं. बाबा दचकले. आपल्याच तोंडात कुणी परका माणूस येऊन बसलाय की काय, अशा नजरेनं त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं. मग त्यांनी ओठ मिटले, ते मिटलेच.

आता या घटनेचं गांभीर्य कळायला आमच्या इमारतीची एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही राहतो विक्रोळीला. इमारतीत निम्म्याहून अधिक घरं कोकणातली, एकेकाळी गिरणीत असलेल्यांची. दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा होतो आणि संध्याकाळी तळमजल्यावर सत्यनारायण. पूजा भटजी सांगतात, पण लोक थांबतात ते त्यानंतरच्या गाऱ्हाण्यासाठी. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सरळ, मोठ्या आवाजात, आपल्या मालवणी बोलीत केलेली बोलणी. एकजण देवाला हाक मारतो, "बा देवा म्हाराजा!" आणि मागची सगळी माणसं एका दमात ओरडतात, "व्हय म्हाराजा!" मग तो एकेका घराचं दुखणं, एकेका घराची मागणी देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक मागणीवर सगळी इमारत "व्हय म्हाराजा" म्हणून सही ठोकते.

तो एकजण म्हणजे आमचे बाबा. मी मुलुंडहून लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्या कुणाला मी त्या जागेवर पाहिलेलं नाही. माइक लागत नाही त्यांना. जानेवारी उजाडला की माणसं जिन्यात, पॅसेजमध्ये त्यांना गाठतात आणि हळूच कानात सांगतात, आमचं एवढं घाला. बाबा कागदावर काही लिहीत नाहीत. सगळं डोक्यात ठेवतात आणि पूजेच्या संध्याकाळी एकही घर न चुकवता देवाच्या पदरात घालतात.

आणि पूजा आता पंधरवड्यावर आली होती.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "होईल हो सवय. थोडे आठवडे जातील. त्यांना मोठ्यानं बोलायला लावा." हे ऐकून माझ्यातली जुनी नाटकवाली जागी झाली. लग्नाआधी मी एकांकिका करत असे. तालीम म्हटली की मला अजूनही हुरूप येतो. मी बाबांना दिवाणखान्याच्या मध्यभागी उभं केलं, स्वतः प्रेक्षक होऊन सोफ्यावर बसले आणि म्हटलं, "हं. पहिल्यापासून."

"बा..." बाबांनी दणदणीत सुरुवात केली. "बा झ्झे..."

"पुन्हा."

"बा श्ये..."

"पुन्हा, बाबा. बिनधास्त."

ही माझी चूक. गाऱ्हाणं पहिल्यापासून म्हणायचं असतं म्हणून मी रोज पहिल्यापासून म्हणायला लावत राहिले, आणि गाऱ्हाण्याचा दुसराच शब्द ‘देवा’ आहे. स्कूटर रोज किक मारून रोज फाटकातच बंद पडावी तसं आमचं चाललं होतं. चौथ्या दिवशी बाबांनी मला हात दाखवला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि तालीम संपली.

त्यानंतर आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज बंद झाला. पाणी हवं असलं की "पाणी हाड", म्हणजे पाणी आण, असं म्हणायचे, ‘दे’ म्हणायचं टाळायला. चहा हवा असला की "च्या". बाकी सगळं मानेनं. आणि नको असेल तर मात्र खणखणीत, आधीसारखं, "नाय!"

अशात एका संध्याकाळी दुसऱ्या माळ्यावरचे काका आले. माणूस चांगला, सगळ्यांच्या मदतीला धावणारा, आणि प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे मोबाईलमध्ये काहीतरी असतंच.

"वहिनी, टेन्शन घेऊ नका," ते मला म्हणाले. "गेल्या वर्षीचं अख्खं गाऱ्हाणं माझ्याकडे रेकॉर्ड आहे. स्पीकरला जोडतो. बाबा नुसते समोर उभे राहतील, ओठ हलवले की झालं. झकास दिसेल!"

"नाय!" कोपऱ्यातून आलं.

"अहो बाबा, तुमचाच आवाज आहे ना?"

"नाय म्हणजे नाय!"

काका माझ्याकडे बघून कुजबुजले, "ठीक आहे, पण सोबत ठेवतो. ऐन वेळी वाट लागायला नको."

आणि गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं लावून चालणार तरी कसं? गेल्या वर्षी बाबांनी देवाकडे लिफ्ट मागितली होती, ती होऊन चालूही झाली. यंदा पुन्हा लिफ्ट मागितली तर देव म्हणेल, या लोकांना झालंय काय? यंदाची दुखणी वेगळी होती. चौथ्या माळ्यावरच्या बाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, तिला पूर्ण विश्रांती सांगितली होती, आणि त्या बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या. आत डोकावून बाबांकडे पाहिलं, बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी मला पॅसेजमध्ये ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "मी लेकीचं गाऱ्हाण्यात घाला म्हणून सांगायला आले होते गं. पण राहू दे. त्यांना कशाला त्रास?"

त्यांना वाटलं, बाबांना ऐकू गेलं नाही. पण बाबांचे दात गेले होते, कान शाबूत होते. मी आत आले तेव्हा त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली होती आणि वाटी स्वतःपासून लांब सरकवली होती.

आता मात्र मी पेटले. हार मानायची नाही, पण पहिल्यापासून म्हणायचंही नाही, एवढं ठरवलं. मग कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिसेंबरचं कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलं आणि त्यावर स्केचपेननं शाळेतल्यासारखी वर्णमाला मांडली. क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ, खाली ट ठ ड ढ ण, मग त थ द ध न, मग प फ ब भ म. कुठलं अक्षर मोडलंय ते एकेक करून बघू, एवढाच साधा हिशेब होता माझा.

"बाबा, दात लावा. क म्हणा."

"क." तोफ.

"ख, ग, घ."

"ख, ग, घ." तोफा. मग त्यांचं बोट ङ वर थांबलं. कपाळाला आठ्या. "ह्यो कोण?"

"तो ङ."

"ह्येका कोण वळखी?"

"कुणीच ओळखत नाही, बाबा. पुढे चला."

च ची ओळ गंमतीची निघाली. ‘चार’ म्हटलं की स्वच्छ चार, आणि ‘चाक’ म्हटलं की माझ्या चष्म्यावर पाऊस. अक्षर एकच, पण ‘चार’चा च टाळूला लागतो आणि ‘चाक’चा च दातांपाशी. एका पाटीवर दोन भाडेकरू! म्हणजे बाबा ‘च्या’ मागत होते आणि चमचा मागत नव्हते, त्याचं कारण हे. ट ची ओळ लखलखीत. प ची ओळ तर इतकी दणकट की खालच्या कुत्र्यानं ‘भ’ला उत्तर दिलं. मेली होती ती फक्त एक ओळ. त, थ, द, ध.

मी त्या पानाकडे पाहत राहिले आणि मला एकदम असं झालं की उठून नाचावं. ही अक्षरं मी बालवाडीपासून घोकली होती, पण ही ओळ अशी का लावलीय, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माणसाचं तोंड म्हणजे आमचा वन रूम किचन आहे हो! क ची माणसं अगदी आत, घशाशी, स्वयंपाकघरात. च ची त्यांच्या पुढे, टाळूला. ट ची टाळूच्या घुमटाखाली, जीभ वळवून. त ची दारात, दातांपाशी. आणि प ची बाहेर गॅलरीत, ओठांवर, येणाऱ्याजाणाऱ्याला बघत. आतून बाहेर सरळ रांग. बाबांच्या घराचं दारच तेवढं नवीन बसवलं होतं, आणि अडकत होतं ते तिथंच! सगळं घर पडलं म्हणून आम्ही सुतक धरून बसलो होतो आणि बिघडली होती एक चौकट.

मी ओरडले, "आई! बाबांना काही झालेलं नाही!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मग माका कित्याक आरडतंस?"

आता मी वेड्यासारखी त्या पानाच्या आडव्या बाजूनंही फिरायला लागले. प्रत्येक घरात पाच भावंडं, आणि पहिल्या घरातल्या भावंडांचे स्वभाव पाचव्या घरातही तेच! पहिलं शांत. दुसऱ्याला धाप लागलेली: पेटती काडी ओठांसमोर धरून ‘प’ म्हटलं तर ज्योत हलते, ‘फ’ म्हटलं की विझते. तिसरं गुणगुणणारं: गळ्याला हात लावून ‘ग’ म्हणा, बोटांना भुंगा लागतो, ‘क’ला लागत नाही. चौथ्याला दोन्ही सवयी. काडेपेटीतल्या निम्म्या काड्या मी अशा संपवल्या. बाबा आता खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांनी ‘घ’नं एक काडी विझवली आणि मिशीतल्या मिशीत हसले, कितीतरी दिवसांनी.

सासूबाईंनी डबीत हात घातला. "दिवो कशान लावू आता मी? तुमच्या बाराखडीन?"

एवढं कळलं तरी ‘द’ काही येत नव्हता. मी शक्कल लढवली. म्हटलं, ती मोडकी अक्षरंच नको. बाबांना म्हणाले, "‘बा परमेश्वरा म्हाराजा’ म्हणा. त्यात एकही त नाही, द नाही!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरात भलताच माणूस आणून बसवलाय. "परमेश्वर कोण?" ते म्हणाले. "आपलो नाय."

"अहो, देवच तो."

"नाय!" आणि वर विचारलं, "मगे ‘अहो पाव्हणे’ म्हणू काय?"

मी हसू दाबत आत गेले आणि डाळीला फोडणी द्यायला घेतली. मनात अजून ते पानच फिरत होतं. पाचवी भावंडं राहिली होती: ङ, ञ, ण, न, म. त्यांचा स्वभाव काय? ही नाकानं बोलणारी. मग नाक बंद केलं तर? मी पळी हातात धरून दुसऱ्या हातानं नाक दाबलं आणि ‘मामा’ म्हटलं. ‘बाबा’ ऐकू आलं! पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘बाबा’. नाक दाबलं की म चा ब होतो! म आणि ब एकाच घरातले, एकाचं नाक उघडं, दुसऱ्याचं बंद, एवढाच फरक! मग न चं नाक दाबलं तर? "नानी," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडातून बाहेर पडली ती ‘दादी’.

"काय जळला?" सासूबाई धावत आल्या, कारण फोडणीशी उभी राहून मी नाक धरलेलं त्यांना दिसलं.

जळत होतंच, पण मी गॅस तसाच सोडून बाहेर पळाले. गेले कित्येक दिवस बाबा आम्हाला काय म्हणत होते? नाय. काकांना काय म्हणाले? नाय. परमेश्वराला? नाय! अहो, न तर धडधाकट होता! त थ द ध आजारी पडले होते, पण त्याच ओळीत, त्याच दारात, शेवटचा न उभा होता आणि रोज आम्हाला ओरडून सांगत होता की मी आहे. आम्हीच रांगेच्या पुढच्या टोकाला कान लावून बसलो होतो.

"बाबा," मी म्हटलं, "‘नेवा’ म्हणा."

"नेवा."

"आता नाक दाबा आणि ‘नेवा’ म्हणा."

बाबांनी संशयानं नाक चिमटीत धरलं. "देवा," ते म्हणाले.

बाबांचे डोळे मोठे झाले. नाक न सोडता त्यांनी पुन्हा म्हटलं, "देवा." मग जोरात, "देवा!" मग उठून उभे राहून, "देवा! देवा! देवा!" आणि सासूबाई पदर डोळ्याला लावत म्हणाल्या, "गॅस बंद कर गे बाय आधी."

द सापडल्यावर बाकीचे एकेक करून सापडले, मागून पुढे. द म्हणायचं, पण गळ्यातला भुंगा थांबवायचा: त झाला. त च्या मागे फुंकर: थ. द च्या मागे फुंकर: ध. रांगेच्या मागच्या टोकाकडून आम्ही अख्खी ओळ परत आणली. स तेवढा शिट्टी मारतच राहिला. त्याला आम्ही माफ केलं. बाबा दिवसभर नाक धरून घरात फिरत होते. वीजबिलाचा माणूस आला, त्यानं बाबांना तसं पाहिलं आणि आमच्या गटाराची चौकशी केली.

त्याच संध्याकाळी बाबा स्वतः जिना चढून चौथ्या माळ्यावर गेले. मी मागून गेले, कारण मला राहवेना. बाईंनी दार उघडलं. बाबा नाकाला हात लावून म्हणाले, "देवाक काय सांगू?" बाईंना आधी कळेना, मग त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता सगळं सांगितलं.

पण पूजेच्या संध्याकाळी मला एकदम आठवलं की एक गोष्ट आम्ही विसरलो. गाऱ्हाणं हात जोडून घालायचं असतं. हात जोडले तर नाक कोण धरणार? नाक न धरता द कधी यायचा, कधी यायचा नाही. तळमजला माणसांनी भरला होता. चौथ्या माळ्यावरच्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, लेक वर झोपून होती. काका स्पीकरजवळ उभे, मोबाईल हातात, अंगठा बटणावर.

बाबा उठले. पुढे गेले. हात जोडले आणि छातीशी धरले.

"बा..." ते म्हणाले, आणि थांबले.

काकांचा अंगठा हलला. आणि बाबांनी जोडलेले हात सावकाश वर नेले, छातीवरून गळ्याशी, गळ्यावरून तोंडाशी, आणि दोन्ही अंगठे अलगद नाकपुड्यांखाली टेकवले. डोळे मिटले. काय भक्तिभाव दिसत होता म्हणून सांगू! पुढच्या ओळीतली एक आजी तर "अगो बाय" म्हणाली.

"बा देवा!" स्वच्छ, घंटेसारखा द. अंगठे झटकन खाली आणले. "म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इमारत गरजली. माझा आवाज त्यात सगळ्यात फाटका होता.

मग बाबा सुटले. प्रत्येक देवाला, वाटेत आलेल्या प्रत्येक त-थ-द-धला अंगठे वर, प्रत्येक महाराजाला खाली. तिसऱ्या मजल्याची नोकरी मागितली, पहिल्या मजल्याचं गुडघ्याचं दुखणं सांगितलं, पाण्याच्या टाकीची गळती सांगितली. आणि मग आवाज खाली आणून, "बा देवा म्हाराजा, चौथ्या माळ्यावर आमची जी लेक पडान आसा, तिका एका जिवाचे दोन करून, सुखरूप उठय रे म्हाराजा!"

आणि इथं माझ्या लक्षात आलं की मागे काहीतरी घडतंय. बाबांचं बघून पुढच्या ओळीतल्या आजीनं हात नाकापर्यंत नेले होते. तिचं बघून तिच्या शेजारणीनं. मग पुरुषांनी. सगळ्यांना वाटलं, यंदा असं करायचं असतं. अंगठे खाली आणायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. सगळी इमारत नाकं बंद करून, भक्तीनं, एका दमात ओरडली:

"व्हय ब्हाराजा!"

फोडणीपाशी झालं होतं तस्संच! म चा ब! मी खांबाआड जाऊन पदर तोंडात कोंबला. चौथ्या माळ्यावरच्या बाईही तशाच ओरडल्या होत्या, अंगठे नाकाला, गालांवरून पाणी वाहत.

प्रसाद वाटताना काका बाबांपाशी आले. मोबाईल खिशात गेला होता. "बाबा, एक विचारू? हात असे नाकाशी धरायचे, ही गावची रीत का?"

मी काहीतरी थाप मारणारच होते. पण बाबांनी शिऱ्याचा घास गिळला, दोन्ही हात द्रोणात गुंतलेले, नाक मोकळं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जुनी पद्धत आसा ती."

द आणि ध, एकाला एक चिकटलेले, दोन्ही स्वच्छ. बाबांनाही ते ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, द्रोण पुढे केला आणि मोठ्यानं म्हणाले, "थोडो शिरो दे गो आणखी. दे. दे!"